हरिरामचा जामीनदार

फलटणहून पहाटेच्या एस.टी.ने निघून, कल्याणला गाडी बदलून मी भिवंडीच्या स्थानकावर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शेवटचा टप्पा अंतराने सर्वांत लहान, पण त्यालाच सर्वाधिक वेळ लागला. दोन्ही बाजूंना पत्र्याची प्रचंड गोदामे, मध्ये खड्ड्यांचा रस्ता आणि त्यावर एकामागे एक उभे कंटेनर. या गोदामांच्या जागी मी भातशेती पाहिली आहे.

गणेशपुरीजवळच्या एका खेड्यात मी अकरा वर्षे शिक्षक होतो. तिथला माझा विद्यार्थी दिलीप आता भिवंडीच्या कामतघर भागात छत्तीस यंत्रमागांचा मालक आहे. वडिलांच्या स्मरणार्थ त्याने आपल्या जुन्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती व अध्यक्ष म्हणून मला बोलावले होते. विषय त्यानेच निवडला होता : गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकेच्या सोळाव्या राष्ट्राध्यक्षांचे जीवन व कार्य. त्यांचे नाव वाचकांना सांगायला नको. लाकडी खोपटात जन्मलेला, उसनी पुस्तके वाचून वकील झालेला, निवडणुका हरत हरत देशाच्या सर्वोच्च पदी पोहोचलेला हा माणूस आपल्या शाळांत घरच्यासारखा वावरतो.

सातवीत असताना दिलीपने याच विषयावर तालुक्यात पहिला क्रमांक मिळवला होता. भाषण मी लिहिले होते. आपल्याकडे रीतच तशी आहे. गुरुजी भाषण लिहितात, मूल ते पाठ करते, आणि कोणत्या शब्दाला कोणता हात वर करायचा हेही गुरुजीच बसवतात.

कामतघरच्या गल्लीत रिक्षा वळली आणि बोलणे ऐकू येईनासे झाले. बंद दारांआडून मागांचा खडखडाट येत होता.

"चाचा, पहली बार?" रिक्षावाल्याने ओरडून विचारले. "कान में रुई डाल लो. यहाँ मुफ्त है, हवा में उड़ती है!"

त्याने अतिशयोक्ती केली नव्हती. कारखान्यात सुताचे तंतू खरोखरच तरंगत होते. येथे मागाला 'साचा' म्हणतात, आणि एक कामगार अनेक साचे एकट्याने सांभाळतो. दिलीप कामासाठी निजामपुऱ्यात गेला होता, म्हणून मुकादमाने मला समोरच्या भिशीत (कामगारांच्या खानावळीत) जेवायला पाठवले.

भिशी चालवणाऱ्या शेवंताबाई जवळच्याच एका खेड्यातल्या. त्यांनी वरण, भात, पोळी आणि वांग्याची भाजी वाढली. वरणावर पांढरे काही दिसले म्हणून मी थबकलो.

"मीठ न्हाय ते, सूत हाय," त्या म्हणाल्या. "बाजूला करा आनि जेवा. आमी रोज जेवतो."

समोर एक चाळिशीचा माणूस मान खाली घालून जेवत होता. मी दिलीपचा गुरुजी आहे हे कळताच शेवंताबाईंनी पळी त्याच्याकडे रोखली. "मग याला इचारा तुमच्या शेठचं कौतुक. ए हरिराम, बोल ना! सेठ के मास्तर हैं."

हरिराम उत्तर प्रदेशातला. हातातला घास त्याने ताटात ठेवला. मग म्हणाला, "बाऊजी, लड़की का ब्याह है. कल सुबह की गाड़ी है, टिकट हो गया. आधार कार्ड सेठ के पास है. कहते हैं, बीम खतम करके जाओ." बीम म्हणजे मागावर चढवलेला ताण्याचा भला मोठा रूळ.

"बीम संपेल तवा पोरीला पोर झालेलं असंल," शेवंताबाई म्हणाल्या. "सगल्यांची कार्डं तिथंच ठेवलीत. कुत्र्याला साखली, यांना कार्ड."

"मी बोलतो त्याच्याशी," मी म्हणालो. "माझा विद्यार्थी आहे तो." हे वाक्य मी अभिमानाने उच्चारले, याची नोंद येथे केली पाहिजे.

चारच्या सुमारास दिलीप आला. वाकून पाया पडला, चहा मागवला, आणि कार्यालयात बसलेल्या दोन व्यापाऱ्यांना म्हणाला, "हे माझे गुरुजी. यांनी मला बोलायला शिकवलं. ऐका!" तो उठून उभा राहिला. "त्यांच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने लाखो बेड्या तटातटा तुटल्या!" 'बेड्या' या शब्दाला दोन्ही हात वर गेले, अगदी मी बसवले होते तसे. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर मी म्हणालो, "दिलीप, हरिरामचे कार्ड देऊन टाक."

"कोण हरिराम?" त्याने क्षणभर आठवले. "अच्छा, तेरा ते अठरा नंबरवाला. गुरुजी, ही माणसं गावाला गेली की दोन-दोन महिने येत नाहीत. साचे बंद ठेवून मी काय भजन करू?"

"दुसऱ्याचे ओळखपत्र अडकवून ठेवणे हा अन्याय आहे."

"अडकवत नाही, सांभाळतो! खोलीत ठेवलं तर उंदीर खातील."

तो हसला. मी हसलो नाही. "मग उद्या मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार नाही."

पत्रिका छापून झाल्या होत्या, गावातली मोठी माणसे यायची होती. त्याने माझ्याकडे पाहिले आणि टेबलाचा खण ओढला. आत रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा होता. त्यातून एक कार्ड काढून त्याने पुढ्यात ठेवले, आणि त्यावर कारखान्याचा कोरा कागद.

"तुमचा शब्द कसा मोडू? फक्त एवढं लिहा, बारा दिवसांत तो कामावर येईल, जबाबदारी तुमची. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे."

मी लिहिले आणि खाली सही केली.

हरिरामला बोलावण्यात आले. त्याने कार्ड सदऱ्याला पुसले, खिशात ठेवले, आणि कागदाकडे बोट केले. "बाऊजी, इसमें क्या लिखा है?" मी वाचून दाखवले. त्याने खिशातले कार्ड चाचपले. "मैं आऊँगा," तो म्हणाला. मी त्याला ते विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गणेशपुरीच्या वाटेवरच्या त्या शाळेत चौदा मुले बोलली. चौदाही जणांनी माझेच भाषण म्हटले. दिलीपने त्याच्या प्रती वाटल्या होत्या. चौदा वेळा बेड्या तुटल्या.

समारोपात मी जे वर्गात सांगायला हवे होते ते सांगितले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात काढलेला गुलाममुक्तीचा तो जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरता होता, जिथे राष्ट्राध्यक्षांची सत्ता तेव्हा चालतच नव्हती. जी गुलामी पाळणारी राज्ये त्यांच्या बाजूने राहिली, तिथल्या गुलामांना त्याने सोडवले नाही, कारण युद्ध जिंकायला ती राज्ये हवी होती. संपूर्ण देशासाठीची घटनादुरुस्ती पक्की होण्याआधीच त्यांची गोळी घालून हत्या झाली. माणूस थोर होता, पण एका सहीने काही संपले नाही. "हे एका गुरुजींनी गाळले होते, कारण वाक्य छान होत होते," मी म्हणालो. "तो गुरुजी मी."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मग परीक्षेत कोणतं लिहायचं?"

सगळे हसले. सर्वांत आधी टाळी दिलीपने वाजवली. गाडीत तो म्हणाला, "एकदम भारी बोललात, गुरुजी. पुढच्या वर्षी हेच भाषण वाटतो."

मी फलटणला परतलो. मनातल्या मनात इच्छा एकच होती, की हरिरामने परत येऊ नये आणि दिलीपने मला फोनवर हवे तेवढे बोलून घ्यावे. दहाव्या दिवशी फोन आला.

"गुरुजी, आला! दोन दिवस आधीच! लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा माहेरी यायची होती, तेवढ्यालाही थांबला नाही. म्हणतो, बाऊजी की सही है. आपल्या ड्रॉवरपेक्षा तुमची सही पक्की निघाली." तो मनापासून आनंदला होता. "आणखी चार जणांना गावाला जायचंय. कागद पाठवू का?"

कार्ड अडकलेल्या माणसाला निदान ते सोडून पळता येते. शब्द दिलेल्या माणसाला तेवढीही वाट राहत नाही, आणि हरिरामची ती वाट मी सुवाच्य अक्षरात बंद केली होती.

मी दिलीपला नाही म्हणालो. ते चौघे गावाला गेले नाहीत.