बोरकर मॅडमच्या गाडीची तिसरी चावी

“चावीशिवाय ही गाडी सुरू होते का?” पीएसआय साहेबांनी विचारलं.

“नाही होत साहेब. प्रश्नच नाही.”

“मोबाइलवर व्हिडिओ येतात ना, सिग्नल पकडून गाडी पळवतात म्हणून?”

“ते मोठ्या शहरात,” मी हसलो. “इकडे कोणाकडे आहेत तसल्या मशिनी? या गाडीच्या चाव्या दोन. दुसरी तर मीच बनवून दिली. गाडी गेली म्हणजे या दोनपैकीच एका चावीनं गेली.”

लाखांदूरच्या ठाण्यात भिंतीलगतच्या बाकावर बोरकर मॅडमचा ड्रायव्हर धनराज बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोनपैकी एक चावी त्याच्या खिशात असायची. दुसरी मॅडमच्या कपाटात होती, आणि त्या कपाटाला कुलूप होतं.

भंडाऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरिंग, सेन्सर, सेंट्रल लॉक, आणि गेली काही वर्षं मुख्यतः चाव्या. आता चावी म्हणजे नुसतं लोखंडाचं पातं राहिलेलं नाही. आत चिप असते. ती चिप ओळखीची निघाली तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन सुरू होऊ देतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मॅडमच्या गाडीत तर चावी खुपसायचीही गरज नव्हती. ती खिशात ठेवून बटन दाबलं की झालं.

बोरकर मॅडम लाखांदूरच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. एकट्या राहतात, स्वतः गाडी चालवत नाहीत. दर पंधरवड्याला त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात यावं लागतं, म्हणून नागपूरच्या एका गृहस्थाची वापरलेली गाडी त्यांनी घेतली होती. गाडीबरोबर एकच चावी मिळाली. दुसरी हरवली, असं त्या गृहस्थानं सांगितलं. धनराज सहा वर्षांपासून त्यांचा ड्रायव्हर. दवाखान्यात नंबर लावणं, औषधं आणणं, मॅडमला हात धरून पायऱ्या उतरवणं, सगळं तोच करायचा.

त्या दिवशी दुपारी मॅडमला घरी सोडून तो जेवायला आपल्या गावी गेला. तीन वाजता परत आला तर फाटकासमोर गाडी नव्हती. काच फुटलेली नाही, आवाज झालेला नाही.

“साहेब, मी कायले नेऊ गाडी?” धनराज ठाण्यात म्हणाला. “माह्या हाती तर रोजच राह्यते ते.”

साहेब त्याच्याशी वाईट वागले नाहीत. पण त्यांच्यासमोर माझं वाक्य होतं, आणि ते लिहून झालं होतं. खाली माझी सही होती.

बाहेर मॅडम भेटल्या. “दिलीपभाऊ, तुम्ही अगदी खात्रीनं सांगता?”

“मॅडम, बावीस वर्षं हेच काम करून राहिलो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी धनराजला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी, का कोण जाणे, मी टॅब उघडून त्या गाडीचा जुना रिपोर्ट काढला. गाडीला स्कॅनर जोडला की त्या गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: कामाआधी दोन, कामानंतर तीन.

म्हणजे हरवली म्हणून सांगितलेली चावी गाडीच्या लेखी अजून चालू होती. कोणाच्याही हाती पडली तरी तिनं गाडी सुरू झाली असती.

अशा वेळी काय करायचं असतं ते मला पाठ आहे. जुन्या सगळ्या चाव्या पुसायच्या आणि हातात आहेत तेवढ्याच पुन्हा नोंदायच्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी ते केलं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नाही. जेवणाची वेळ झाली होती, मॅडम उन्हात थांबल्या होत्या, नवी चावी चालली, मी हात पुसले. तो दोनाचा आकडा मी तेव्हाही पाहिला असणार. डोळ्यांसमोरच होता.

आणखी एक गोष्ट राहिली होती. या गाडीला अ‍ॅप असतं. गाडी कुठे उभी आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं. गाडी विकली की जुन्या मालकाचं खातं काढावं लागतं. ते काढलं आहे का, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

खरं म्हणजे टॅब बंद करून सरळ लाखांदूरला जायला हवं होतं. मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, पोलीस शोधतीलच. म्हटलं, धनराजनं नेलीच नसेल असं तरी कुठे आहे? हे दुसरं मनात आलं तेव्हाच मला माझी किळस आली होती. तरी मी त्या दिवशी तीन गाड्यांची कामं केली. गिऱ्हाइकांशी नेहमीसारखा बोललो. एकानं विचारलंही, “लाखांदूरची गाडी ड्रायव्हरनंच नेली म्हणे?” मी “तपास चालू आहे” म्हणालो. नाही म्हणालो नाही.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांना दवाखान्यात यायचं होतं, ओळखीचा ड्रायव्हर पाहून देता का, असं विचारत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्याच शाळेतला तो. सहा वर्षांत माझी पर्सही कधी त्यानं उघडली नाही. पण तुम्ही जाणकार, तुम्ही म्हणालात म्हणून...”

मी टॅब घेऊन निघालो.

पीएसआय साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. “हे तुम्हाला कधी कळलं?”

“चार दिवस झाले साहेब.”

“आणि आज सांगताय?”

मी जुन्या मालकाच्या अ‍ॅपचंही सांगितलं.

त्यांनी माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. जुन्या मालकानं सांगितलं की अ‍ॅप त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये होतं, आणि तो मोबाइल त्यानं घरी कामाला असलेल्या माणसाला दिला होता. तो माणूस काम सोडून गेला होता. साहेबांनी मालकाला नव्या मोबाइलवर तेच खातं उघडायला लावलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. गाडी गोंदियाच्या पुढे एका गॅरेजमागे उभी होती, पहिल्या दिवसापासून तिथेच. कामाचा माणूस पकडला गेला. हरवलेली चावी त्याच्याकडेच होती. गाडी कुठे असते आणि दुपारी फाटकासमोर एकटी किती वेळ उभी राहते, ते तो मोबाइलवर बघत होता.

मी रिपोर्ट पाहिला त्याच दिवशी बोललो असतो तर हे सगळं त्याच दिवशी झालं असतं.

तिथून मी धनराजच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाली, “पाच दिवस झाले भाऊ, हे तळ्यावर आंघोळीलेसुद्धा नाही गेले. लोक पाहून राहिले म्हणते.” मी उभ्यानंच सगळं सांगितलं. रिपोर्टचं सांगितलं, चार दिवसांचंही सांगितलं.

धनराजनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ते जुनी चावी मिटवाले किती येळ लागते?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

“बस?” तो म्हणाला, आणि आत निघून गेला. मग त्याची बायको म्हणाली, “जा भाऊ आता.”

मॅडम स्वतः त्याच्या घरी गेल्या, माफी मागितली, परत ये म्हणाल्या. तो आला नाही. आता तो एका राइस मिलचा टेम्पो चालवतो. माझ्या पहिल्या जबाबाला जोडून मी दुसरा जबाब दिला. पण पहिला जबाब गावभर झाला होता, दुसरा कोणी विचारलाही नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांना आता मी हे सांगतो. एकच चावी मिळाली तर जुन्या सगळ्या पुसून घ्या आणि किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर पाहा. जुन्या मालकाला समोर बसवून त्याचं अ‍ॅपमधलं खातं काढायला लावा. बटनाची चावी दारालगतच्या खिळ्याला अडकवू नका, स्टीलच्या डब्यात आतल्या खोलीत ठेवा. सिग्नल लांबवणाऱ्या मशिनी इकडेही येऊ शकतात, आणि मी हसलो म्हणून त्या थांबणार नाहीत.

आणि गाडी हरवली तर मेकॅनिकचं ऐकून कोणावर संशय घेऊ नका. त्याच्या कामाचा रिपोर्ट मागा. तो दाखवायला जो कां-कूं करील, त्याच्यापासून चौकशीला सुरुवात करा.