निसिम अष्टमकरांची गांजाच्या दुकानात जाण्याची तयारी

निसिम अष्टमकर (वय एकाहत्तर, पासपोर्टानुसार सत्तर) यांनी टोरोंटोतील बेचाळीस वर्षांत एकदाही कायदा मोडलेला नाही, असे ते सांगतात. त्यांची धाकटी बहीण एस्सी एका पार्किंग तिकिटाचा दाखला देते. ते तिकीट मी पाहिले आहे. एस्सीचे म्हणणे ग्राह्य धरावे लागते.

अशा गृहस्थांना गांजाच्या सरकारमान्य दुकानाची पायरी चढावी लागली ती नारळामुळे. नात झोईच्या लग्नाआधीच्या रविवारी घरी मलिदा व्हायचा होता: बेने इस्राएल ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, वेलची आणि ताजे खवलेले खोबरे. पत्नी वारल्यापासून अकरा वर्षे हे खोबरे निसिम स्वतः खवत आले होते, तेही जमिनीवर बसून, विळीवर. यंदा गुडघ्यांनी साफ नकार दिला. एस्सीच्या फ्रीझरमध्ये मात्र खवलेल्या खोबऱ्याची पाकिटे सज्ज होती.

"पाकीट फोडलंस तर त्या मलिद्यात माझं नाव नको," निसिम म्हणाले.

"तुझं नाव घेतं कोण, दादा? नाव एलियाहूचं असतं."

तोडगा झोईने काढला. "ग्रँडपा, जस्ट ट्राय अ गमी. इट्स लीगल!" गमी म्हणजे दुखण्यावर चघळायची गांजाची जेलीसारखी गोळी. डॉक्टरांनीही 'हरकत नाही, पण थोडी' असे सांगितले.

निसिम यांनी तयारी केली ती व्हिसाच्या मुलाखतीसारखी. फाईलमध्ये एकोणीस कागद होते, त्यांपैकी काही: पासपोर्ट, नागरिकत्वाचा दाखला, हेल्थ कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आपण शांतताप्रिय रहिवासी असल्याचे इमारतीच्या काँडो-बोर्डाचे पत्र. ते पत्र त्यांनी कोणत्या कारणासाठी मागून घेतले, हे मला अद्याप निश्चित करता आलेले नाही. दोन दुपारी त्यांनी समोरच्या बस स्टॉपवरून दुकानाचे निरीक्षण केले. वहीतील नोंद अशी: 'एकूण चौतीस जण बाहेर आले. कोणीही पडले नाही.' प्रश्नांच्या यादीत पहिला प्रश्न लाल शाईत होता: 'जिलेटिन कशाचे?' डुकराचे निघाले असते, तर गुडघे दुखले तरी चालले असते.

गुरुवारी ते ब्लेझर घालून गेले. काउंटरवर कायला नावाची, नाकात रिंग घातलेली मुलगी होती.

"हाय, सर! काय बघताय आज?" तिने इंग्रजीत विचारले.

निसिम यांनी फाईल उघडली. "आधी माझं वय तपासा."

"यू आर गुड, सर."

"तुम्ही तपासलेलं नाही."

कायलाने पासपोर्ट हातात घेतला, फोटो पाहिला, मान डोलावली. उरलेल्या अठरा कागदांकडे तिने पाहिलेही नाही. ही गोष्ट सांगताना निसिम यांचा आवाज आजही दुखावलेला असतो. जिलेटिनच्या जागी मात्र फळांचे पेक्टिन निघाले. "अर्धीच घ्या," ती म्हणाली, "आणि दोन तास थांबा."

रविवारी नऊ वाजता त्यांनी अर्धी गमी घेतली आणि अकराला, पाच नारळ घेऊन, ते विळीवर बसले. गुडघे दुखले नाहीत, हे एस्सीलाही मान्य आहे. पाहुणे एकला यायचे होते. पावणेबाराला पहिला नारळ अर्धाच झाला होता.

"एस्सी, बघ, प्रत्येक कीस वेगळा पडतो."

"दादा, माणसं यायची वेळ झाली!"

"येऊ देत गं. आपलीच आहेत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यापूर्वी कधी ऐकल्याचे घरातील कोणालाही आठवत नाही. साडेबाराला एक नारळ संपला. खोबरे अप्रतिम, करवंटीचा एकही तपकिरी कण नाही. उरलेले चार जमिनीवर तसेच होते. एस्सी पाकीट आणि कात्री घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

निसिम यांनी पाकीट उजेडात धरले. "किती बारीक आहे हे," ते म्हणाले. "ओत."

"नंतर वर्षभर ऐकवणार नाहीस ना?"

"ओत म्हणतो ना. आधी चमचाभर मला दे."

जेवताना कोणीतरी विचारले, खोबरे कोणी खवले?

"आम्ही दोघांनी," निसिम म्हणाले.

"हो," एस्सी म्हणाली. "मी कात्रीनं."