धवलारणीची कॅसेट

बटण मीच दाबलं. आधी हे सांगून टाकते, कारण नंतर पुष्कळांनी पुष्कळांवर ढकललं. कोणी म्हणालं, नवऱ्यामुलाच्या आईचं चुकलं. कोणी म्हणालं, कॅसेटच खराब होती. कसली खराब! कॅसेट ठणठणीत होती. डोकं माझं ठिकाणावर नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वाकोल्याची, मालवणी घरातली, अंधेरीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. शेजारच्या टेबलावर मनोरीची एक कोळ्याची मुलगी बसायची. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्व्याला यायची आणि तिथून बस धरायची. आमची गट्टी जमली ती तिच्या डब्यातल्या सुकटीच्या चटणीवर. जेवता जेवता ती हळू आवाजात त्यांच्या लग्नातली गाणी म्हणायची आणि माझा घास हातातच राहायचा.

रेडिओवर कोळीगीतं लागायची, नाही असं नाही. पण ती कशी, घासूनपुसून, मागे व्हायोलिन वगैरे. जिच्या तोंडची गाणी ती बाई कधी ऐकू यायची नाही. माझं टाळकंच सणकलं. रेडिओ सरकारचा, म्हणजे आपलाच ना? मग आठवड्यातून अर्धा तास आपल्या माणसांना द्यायला काय हरकत आहे? जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्याच टाईपरायटरवर मी अर्ज टाईप केला आणि सह्या गोळा करत सुटले. वाकोल्याच्या चाळीत, फेरीबोटीच्या रांगेत, गोराईच्या चर्चबाहेर. आई म्हणायची, "गो बाय, तुका काय पडलाहा त्या रेडियोचा?" तिलाही सही करायला लावली.

त्याच वर्षी मैत्रिणीचं लग्न ठरलं, मनोरीतच, तिच्याच गल्लीच्या टोकाला. मुलगा मासेमारी करणारा, आईचा एकुलता एक. हसरा, बडबड्या, सगळ्या गावाचा लाडका. मी भावाचा टेपरेकॉर्डर घेऊन लग्नाला गेले.

त्यांच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. धवलारीण म्हणजे गावातली एक म्हातारी बाई. ती मांडवात बसून एकेक विधीचं गाणं, म्हणजे धवला, गाते. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं पाठ. तिला बोलवायलाही रीत आहे. घरी जाऊन नारळ-सुपारी द्यायची, तेव्हाच ती येते. शेवटी ती नावं घेते. आधी देव, मग दोन्ही घरांचे गेलेले पूर्वज, मग नवरा-नवरी, आणि नवऱ्याची होडीसुद्धा. धवल्यात नाव आलं की लग्न पक्कं झालं.

मी सगळं टेप केलं. पहिल्या बाजूला हळदीचे आणि मांडवाचे धवले आले, दुसऱ्या बाजूला नावं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

मग मी आणि गावच्या मंडळातली तीन पोरं, अशा आम्ही चौघांनी आमचाच रेडिओ काढला. रेडिओ म्हणजे काय, मंडळाच्या खोलीत टेपरेकॉर्डर आणि बाहेर खांबावर कर्णा. दर रविवारी सकाळी दहाला मनोरीच्या चौकात अर्धा तास. मी माईकवर सांगायचे, "हा अर्धा तास खऱ्या रेडिओवर हवा, सह्या करा." मग कॅसेट लावायची. पण फक्त पहिली बाजू. दुसरीवर मी पेनने "नावं" एवढंच लिहून ठेवलं होतं आणि ती कधी लावली नाही, स्वतःही ऐकली नाही. कोणाची तरी नावं ऐकण्यात लोकांना काय रस, असं मीच सगळ्यांना सांगायचे.

पुढच्या हंगामात मैत्रिणीचा नवरा वादळात गेला. होडी सापडली, तो नाही.

तिने नोकरी सोडली आणि सासूपाशी राहिली. दोघी मासळी विकायच्या. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचे, चहा प्यायचे. त्याचं नाव सासू घ्यायची नाही, सून घ्यायची नाही, गाव घ्यायचं नाही. मीही घ्यायचे नाही. मला वाटायचं, हेच शहाणपण.

दीडेक वर्षाने त्याच गल्लीत दुसरं लग्न निघालं. बँजो पार्टी, रंगीत बल्ब, सगळं झकास. आदल्या रविवारी नवऱ्यामुलाची आई मला म्हणाली, "म्हातारीला कशाला तरास द्यायचा? तिचा आवाज हाय ना तुज्या कॅशेटीत? तूच लाव." मी फुलून गेले हो! वाटलं, बघा, आमचा रेडिओ मांडवापर्यंत पोचला. धवलारणीकडे नारळ कोणी नेला नाही. तिचं घर मांडवापासून चार पावलांवर. ती उंबऱ्यात बसून सगळं बघत होती, आणि मी तिच्यासमोरून टेपरेकॉर्डर आणि कर्णा मिरवत नेले. वर म्हटलं, "आजी, आज तुम्हाला आराम!" तिने उंबऱ्यावरचे पाय आत ओढून घेतले.

पहिली बाजू छान वाजली. बायका मान डोलावत होत्या. नवरा-नवरी पाटावर बसली, आणि बाजू संपली. कोणीतरी ओरडलं, "दुसरी लाव गं!" मी कॅसेट उलटी केली आणि बटण दाबलं.

देवांची नावं आली. ठीक. पूर्वजांची आली, तेव्हा एक-दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. ते ह्या घरचे पूर्वज नव्हतेच. आणि मग भर मांडवात, हळद लागलेल्या त्या दोघांच्या डोक्यावरून, कर्ण्यातून नाव आलं. माझ्या मैत्रिणीचं. पाठोपाठ तिच्या नवऱ्याचं. पाठोपाठ त्याच्या होडीचं.

आई गं. नवरीने पदर तोंडात कोंबला. नवऱ्यामुलाची आई किंचाळली, "बंद कर! मेल्याचं नाव घेतंय, बंद कर!" मला बटणच दिसेना.

तेवढ्यात धवलारीण मांडवात शिरली. न बोलवता. सगळा जन्म नारळाशिवाय कोणाच्या दारात न गेलेली बाई. पाटाशेजारी मांडी घालून बसली आणि स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून तिने ह्या दोघांची नावं घ्यायला सुरुवात केली. वर कर्ण्यात ती, खाली ती. वर मेलेला, खाली जिवंत. मी शेवटी वायर खेचली आणि तिथून पळाले.

मैत्रीण मागच्या दारी होती. विधवा बाईने मांडवात यायचं नाही, म्हणून मागे बसून ती लग्नाच्या जेवणाची कोळंबी सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मार मला. खरंच मार." मला तेच हवं होतं.

तिने हात धुतले. म्हणाली, "टेपरेकॉर्डर आण. पुढचं लाव."

"वेडी झालीस?"

"तू वायर काढलीस यार. पुढं तो बोलतो."

मला कळेचना. ती म्हणाली, "तुला आठवत नाही? मी त्याच्या बाजूलाच बसले होते ना."

आम्ही तिच्या घरी गेलो. सासू बाजारात गेली होती. मशीन लावलं आणि आवाज अगदी बारीक ठेवला. नावं आली, होडी आली, धवला संपला. मग मांडवातला गलका. आणि मग तो. हसत, अगदी माईकला तोंड लावून, "काय गं, मग आमचीबी नावं रेडिओवर येतील ना?" आणि त्यावर एका फाजील, आनंदाने फुटलेल्या पोरीचा आवाज, "येणार म्हणजे येणारच!"

तो आवाज माझा होता.

मी तिच्या तोंडाकडे बघूच शकले नाही. दीड वर्ष हा माणूस माझ्या पिशवीत होता. दर रविवारी मी त्याला घेऊन त्यांच्या दारात येत होते, चहा पीत होते, आणि पिशवी तशीच घेऊन परत जात होते.

तिने एकच मागितलं. "बोललीस ना तू? मग आण रेडिओवर."

माझ्या अर्जावर रेडिओ केंद्रातून तोवर बोलावणं आलं होतं. सह्यांचा गठ्ठा आणि कॅसेट घेऊन मी गेले. तिथले साहेब भले होते. दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. म्हणाले, "आवाज अस्सल आहे. एखाद्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं नक्की देऊ. फक्त हे नावांचं काढा. कोणाची तरी नावं ऐकण्यात लोकांना काय रस?"

शब्दन् शब्द माझे. दर रविवारी मीच हे बोलत आले होते आणि मला ते किती हुशारीचं वाटत होतं! मी रागावले नाही, भांडलेही नाही. कॅसेट उचलली आणि निघाले. दोन वर्षांच्या सह्या त्यांच्या टेबलावरच राहिल्या.

मनोरीला जाऊन मैत्रिणीला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "आपला रेडिओ आहे ना?" मग धवलारणीकडे गेलो. मी तिच्यासाठी नारळ नेला. नावांचा धवला लग्नाशिवाय म्हणायचा नाही, असा त्यांचा नेम, म्हणून विचारायला हवं होतं. तिने नारळ हातात घेतला आणि म्हणाली, "ह्यांचा लगीन मीच लावला. कोनी मोडला नाय. वाजव."

त्या रविवारी दहा वाजता मी माईकवर काही बोलले नाही. दुसरी बाजू लावली. काही घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. मैत्रीण चौकाच्या मधोमध उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी. नावं आली. तिचं, त्याचं, होडीचं. ती हलली नाही.

तिला विचारलं होतं, धवलारणीला विचारलं होतं. एकीला विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही, आणि हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. धवला संपला, मांडवातल्या गलक्यात त्याचं हसणं कर्ण्यातून चौकभर घुमलं आणि गल्लीच्या टोकाकडून त्याची आई धावत आली. अनवाणी, हाताला मासळीची खवलं, पदर सुटलेला. गर्दीत एकेकाचं तोंड बघत ती त्याला शोधत होती. मग वरून त्याचा तो प्रश्न आला आणि तिला कर्णा दिसला. खांबाखाली येऊन तिने मान वर केली आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली.

म्हणाली, "जेवलास काय रं?"

वरून माझाच आवाज आला, येणार म्हणजे येणारच. त्यापुढे कॅसेट कोरी होती. ती तशीच फिरत राहिली, कर्ण्यातून नुसती खरखर येत होती, आणि त्याची आई वर बघत उभी होती. बटण माझ्या हाताशी होतं. मी ते दाबलं नाही.