विहिरीवर सुटलेला दोर

आमचे अण्णा, म्हणजे वडील, सांगायचे की निपाणीकडचं पोर चालायच्या आधी पोहतं. शुद्ध थापा. पण त्या थापांपायी एका मे महिन्यात आमची सुट्टी नासली. शहरात बनशंकरी भागातल्या आमच्या घरी नळाला पाणी नव्हतं, उकाड्यानं अंगाची लाही होत होती, आणि अण्णांनी फर्मान काढलं, "चला, आज पोराला पोहायला शिकवतो." पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला डोक्यावरून तांब्या ओतलेलाही खपत नसे.

आम्ही चौघं गाडीतून निघालो. पहिल्या तळ्यावर फेस तरंगत होता आणि वास असा की आईनं काच खाली केलीच नाही. पुढच्या स्विमिंग पूलला टाळं होतं, पाणीटंचाईमुळे. भाऊ खुशीत माझ्या कानाशी लागला, "ताई, आता कुठंच पाणी नाही." पण अण्णा हट्टाला पेटले होते. कनकपुऱ्याच्या रस्त्याला आडबाजूच्या नारळीच्या बागेत त्यांना एक दगडी विहीर सापडलीच. मालकाला विचारलं, तो मान डोलावत कानडीत "सरी, सरी" म्हणाला आणि आत झोपायला गेला.

अण्णांनी डिकीतून दोर काढला. आमच्या गावाकडची रीत अशी, की पोराच्या कमरेला दोर बांधायचा, त्याला विहिरीत ढकलायचं आणि बापानं वर दोर धरून उभं राहायचं.

"सोडणार नाही ना, अण्णा?" भावानं पुन्हा पुन्हा विचारलं.

"नाही रे. बाप आहे मी तुझा."

"राहू द्या हो," आई म्हणाली.

"तुझ्या लाडानंच बुळा झालाय," म्हणत अण्णांनी त्याला ढकललं.

दोर ताणलेला होता तोवर भाऊ रडत का होईना, हातपाय मारत होता. मग अण्णांनी माझ्याकडे बघून डोळा मारला आणि दोर सोडून दिला. दोर पाण्यात पडलेला भावानं पाहिला आणि तो बुडाला. वर आला तेव्हा त्यानं पायऱ्यांकडे नाही, अण्णांकडे बघितलं. अण्णा हसत होते. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही!" भाऊ कसाबसा पायऱ्यांना लागला, कोपरं सोलून निघाली होती. हा किस्सा अण्णांनी पुढं येईल त्याला ऐकवला, भावाच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनासुद्धा. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. मला त्या हसण्याची चीड होती, अजून आहे.

यंदाच्या मे महिन्यात अण्णा आणि आई भावाकडे राहायला आले होते, इलेक्ट्रॉनिक सिटीत. अर्धांगवायूनं अण्णांची एक बाजू लुळी पडलीय आणि पाण्यात चालवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. भावाच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. रणरणत्या दुपारी तिथं अण्णा, भाऊ आणि मी, तिघंच होतो. भाऊ त्यांचे दोन्ही हात धरून उलट्या पावलांनी चालत होता. पाणी अण्णांच्या छातीला लागत होतं.

"सोडू नको हं, बाळा."

बाळा! जन्मात कधी हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"नाही सोडणार," भाऊ म्हणाला, आणि त्यानं हात सोडले.

अण्णा आडवे झाले. तोंड पाण्याखाली गेलं, चांगला हात वर आला आणि धरायला काही शोधू लागला. भाऊ हाताची घडी घालून समोर उभा होता. मी काठावर टॉवेल घेऊन होते, पुढं झाले नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं त्यांना बखोटीला धरून उभं केलं. खोकून खोकून त्यांचे डोळे लाल झाले होते. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, अण्णा," तो शांतपणे म्हणाला.

वर घरी आईनं पानं घेतली होती. "जमलं का हो?" तिनं विचारलं.

अण्णा ताटाकडे बघत राहिले. "उद्या नको," ते हळूच म्हणाले.

"असं कसं? रोज जायचं," भाऊ म्हणाला आणि त्यानं त्यांना भात वाढला.