कर्जतच्या पंचमीला लुगडं नेसून

नागपंचमीला कर्जतच्या बाजूला जायचं, हे माझ्या बायकोने, विमलने ठरवलं आणि मी नेहमीप्रमाणे मान हलवली. ही सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. विमल पुण्याला विद्यापीठात शिकवायची. सणाच्या खेळात बायका पुरुषांची सोंगं घेऊन काय गातात, हा तिचा अभ्यास. मी कचेरीत कारकून. या अभ्यासात माझं काम पिशव्या उचलण्याचं.

आदल्या दिवशी भिंगारला माझ्या भावाकडे मुक्काम केला. सकाळी नगरहून एसटी. मिरजगावपर्यंत रस्ता बरा होता, पुढे मांडीवरचा टेपरेकॉर्डर माझ्यापेक्षा जास्त उडत होता. तो विद्यापीठाचा. त्याचं बटण बिघडलेलं, अंगठ्याने दाबून धरलं तरच आवाज टिपायचा. विमलच्या हातात वही, म्हणून अंगठा माझा.

कर्जतपासून बैलगाडी. उतरलो ते विमलच्या एका विद्यार्थिनीच्या आत्याकडे, पारूबाईंकडे. पंचमीला जाणार असाल तर भाकरीची आशा धरू नका. त्या दिवशी तवा चढत नाही, विळीही चालत नाही. पुरणाची उकडलेली दिंडं आणि तूप. मी सहा खाल्ली, हे पुढे महागात पडलं.

दुपारी बायका लिंबाखाली जमल्या. पारूबाई धोतर-फेटा घालून, कोळशाची मिशी काढून आल्या. मला पाहून थांबल्या.

"ह्यो बाप्या हितं न्हाई बसायचा."

विमल म्हणाली, "अहो, मशीन यांनाच चालवता येतं. आज राहिलं तर मला वर्षभर थांबावं लागेल."

"मंग सोपं हाय. लुगडं नेसवा त्येला."

मी विमलकडे पाहिलं. ती वहीत तारीख लिहीत होती.

सदऱ्यावरूनच लुगडं गुंडाळलं. सहा दिंडांमुळे निऱ्या कमी पडल्या. "पदर सावर गं," "नवी सून लई लाजती," असं चारी बाजूंनी सुरू झालं. फेर धरला, गाणी लागली, मी बटण दाबून मान खाली घालून बसलो. तेवढ्यात पारूबाई मिशीवर हात फिरवत समोर उभ्या राहिल्या आणि घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "काय गं, सयपाक झाला का न्हाई?"

कचेरीच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, "होय साहेब, लगेच करतो."

फेर मोडला. बायका खाली बसून हसल्या. विमलही हसली.

परतीच्या एसटीत तिने टेप ऐकला. एकही गाणं सलग नव्हतं. पदर घसरला की मी बटण सोडत होतो. "गाणी सतरा ठिकाणी तुटलीत," एवढंच म्हणाली आणि वहीवरून ओळी जुळवत बसली. पुढच्या पंचमीला ती एकटी गेली, दुरुस्त केलेलं मशीन घेऊन.

गेल्या माघात विमल गेली. मुलाने तिचे सगळे टेप संगणकावर घेऊन दिले. मी रोज दुपारी एकेक ऐकतो. अभ्यासकाने मध्ये बोलू नये, हा तिचा नियम. तो तिने काटेकोर पाळला. शेकडो बायका गातात, तिचा आवाज कुठेच नाही. फक्त मी बिघडवलेल्या टेपवर आहे. माझं "लगेच करतो," मग बायकांचा गलका आणि त्यात सगळ्यात जवळून तिचं हसणं. चार-पाच सेकंद.

पुढे काही नाही. मला पदर सावरायचा होता.