आमच्याकडे ऊन होतं आणि नाल्याला पूर आला

मित्रांनो, आत्ताच शेजारच्या घरून आले. ताट तसंच ठेवून इथे लिहायला बसले.

आज दुपारी शाळेतून घरी येत होते. आमचं गाव दरेकसाच्या डोंगराखाली. खाली कडक ऊन होतं, पण वर डोंगरावर आभाळ काळंभोर झालेलं. शेजारचे सुखदेवभाऊ नाल्यात बैल धूत होते. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला. मी काठावरून ओरडले, "भाऊ, बाहेर निघा! वरून पाणी येऊन राहिलं!"

"एवढा एक बैल धुवून घेतो न मॅडम, आलोच."

तेवढ्यात लोंढा आला. दोन्ही बैल पोहत काठाला लागले. भाऊ संध्याकाळी खालच्या वळणावर झुडपात अडकलेले सापडले. जीव गेला होता.

त्यांच्या बायकोने माझा हात धरून विचारलं, "मॅडम, इथं तं थेंब नाही पडला. मंग पानी कुठून आलं?"

सगळ्या डोंगराचा पाऊस या एका नाल्यात उतरतो, हे मी दरवर्षी भूगोलात शिकवते. तिला मात्र फक्त डोंगराकडे बोट दाखवलं.

वरच्या गावांतल्या लोकांनो, तुमच्याकडे पाऊस कोसळायला लागला की खाली कोणाला तरी एक फोन कराल का?