ऊन येईपर्यंत

हडर्सफील्डच्या बस डेपोत वेळापत्रकं लावणारा रोलंड पिकर्सगिल आयुष्यात एकाच बाबतीत हट्टी होता. दर ऑगस्टला यॉर्कशरच्या त्याच टेकडीवर सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा, आणि तोही उन्हातच. यंदाची खेप शेवटची होती. सुट्टी संपली की बायको, फ्रान्सिस, मुलांना घेऊन कायमची बहिणीकडे ब्रिस्टलला जाणार होती. टेकडीवर तिचं मन वळेल, एवढीच काय ती त्याची आशा.

तिवईवर कॅमेरा चढवून तो दोन तास ढगाकडे बघत बसला.

"पाचच मिनिटं! ढग हलतोय बरं का!" सोळा वर्षांच्या लेकीने, इमोजेनने, बापाचा घोगरा आवाज हुबेहूब काढला.

"डॅड, ढग नाही, ती मेंढी हलतेय," धाकटा टोबी म्हणाला.

फ्रान्सिसही खळखळून हसली. थर्मासमधला उरलासुरला चहा तिने रोलंडच्या हातात दिला. "पी, गार होईल." अगदी पूर्वीसारखी म्हणाली. तो त्याने घोटघोट पुरवून प्यायला.

आणि खरंच ऊन आलं. सगळी दरी उजळली. टायमर लावून रोलंड धडपडत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तर तिने त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. इतका सुंदर फोटो बारा वर्षांत आला नव्हता.

फ्रान्सिसने तो बराच वेळ पाहिला.

"छान आलाय रे," ती हळुवारपणे म्हणाली. "मलाही पाठव हं. तिकडच्या घरी लावीन."

"पाठवतो," रोलंड म्हणाला.